कंपनी माणूस आहे का? मोंटानातलं २०१२ चं एक मतदान

बिटररूट
कपाट आवरताना २०१२ ची मतदार-माहितीपुस्तिका सापडली. निवडणुकीआधी राज्य सरकार घरोघरी पाठवतं ती. एका पानाच्या कडेला माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, "पण ह्याने होणार काय?" इतकी वर्षं झाली तरी प्रश्न तिथेच आहे, म्हणून हा धागा. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही मोंटानात राहतो. महाराष्ट्रापेक्षा आकाराने मोठं राज्य, आणि तेव्हा सगळी मिळून वस्ती दहा लाखांच्या आसपास. २०११ मध्ये नागरिकत्व घेतलं, त्यामुळे अध्यक्ष निवडायची माझी ती पहिलीच वेळ. मतपत्रिका टपालाने घरी आली. मी आणि नवरा चहा घेऊन टेबलाशी बसलो. ओबामा की रॉम्नी हे दोन मिनिटांत उरकलं. खरा वेळ गेला तो थेट जनतेला विचारलेल्या प्रश्नांवर. औषधी गांजाचा एक होता, बेकायदा स्थलांतरितांना सरकारी सेवा नाकारण्याचा एक होता, आणि सह्या गोळा करून नागरिकांनी आणलेला प्रस्ताव १६६.

त्यात म्हटलं होतं ते थोडक्यात असं: कंपन्या ही माणसं नाहीत, म्हणून घटनेने माणसाला दिलेले हक्क त्यांना लागू नाहीत, हे मोंटाना राज्याचं धोरण राहील. निवडणुकीत कंपन्यांचा पैसा नको. आणि ह्यासाठी देशाच्या घटनेत दुरुस्ती करा, असं मोंटानाच्या लोकप्रतिनिधींना मतदार बजावत आहेत.

निकाल लागला तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं होतं. त्याच दिवशी ह्याच राज्यात रिपब्लिकन रॉम्नींना ५५ टक्के मतं पडली, म्हणजे ही काही डाव्यांची जत्रा नव्हती. प्रचारातही डेमोक्रॅट गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर आणि त्यांचे रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर जॉन बोलिंजर बरोबरीने उभे होते.

हे इथेच इतकं जिव्हाळ्याचं का, ते कळायला ब्यूट गावी जावं लागतं. डोंगराच्या पोटात तांबं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगाला विजेच्या तारा हव्या होत्या आणि तारांना तांबं हवं होतं. त्यावर विल्यम क्लार्क आणि मार्कस डेली हे दोघे गब्बर झाले आणि एकमेकांच्या उरावर बसले. क्लार्कला सिनेटर व्हायचं होतं. तेव्हा सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडत असे. १८९९ मध्ये क्लार्कच्या माणसांनी आमदारांना पाकिटं वाटली. एका आमदाराने तीस हजार डॉलर सभागृहात सगळ्यांपुढे काढून दाखवले, तरी क्लार्क निवडून आलाच! पुढे वॉशिंग्टनमध्ये चौकशी झाली, पद जाणार हे दिसल्यावर त्याने राजीनामा दिला. त्यानंतरचा डाव तर आपल्याकडच्या लोकांनाही सुचला नसता. गव्हर्नर राज्याबाहेर गेल्याचं बघून लेफ्टनंट गव्हर्नरने त्याच रिकाम्या जागेवर क्लार्कचीच नेमणूक करून टाकली. गव्हर्नर धावत परत आला आणि त्याने ती रद्द केली. १९०१ मध्ये क्लार्क अखेर सिनेटर झालाच.

डेलीची अ‍ॅनाकोंडा कंपनी तेवढ्यात न्यूयॉर्कच्या भांडवलदारांच्या हातात गेली होती. १९०३ मध्ये न्यायाधीश आपल्या बाजूने निकाल देत नाही म्हणून कंपनीने खाणी, भट्ट्या, सगळं बंद केलं. हिवाळ्याच्या तोंडावर हजारो कामगार घरी. अट एकच: विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवा आणि आम्हांला न्यायाधीश बदलून मागता येईल असा कायदा करा. गव्हर्नरने अधिवेशन बोलावलं, कायदा झाला, खाणी सुरू झाल्या. राज्यातली बहुतेक मोठी दैनिकंही अ‍ॅनाकोंडा कंपनीचीच होती, आणि ती तिने विकली कधी, तर १९५९ मध्ये. इथली म्हातारी माणसं अजून 'तांब्याचा गळपट्टा' म्हणतात. पट्टा राज्याच्या गळ्यात, दोरी कंपनीच्या हातात.

तर १९१२ मध्ये ह्या लोकांनी जनमताने कायदा केला, की कंपनीने निवडणुकीत पैसा ओतायचा नाही. तो कायदा शंभर वर्षं चालला. २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की निवडणुकीत कंपनीने स्वतंत्रपणे केलेला खर्च म्हणजे भाषणस्वातंत्र्य, त्याला बंदी नाही. मोंटानाच्या न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये सांगितलं, आमचा इतिहास वेगळा आहे, आमचा कायदा राहील. निकालपत्रात क्लार्कसकट सगळी कहाणी आहे. जून २०१२ मध्ये दिल्लीने, आपलं, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल जेमतेम पानाभरात उलटवला. वेगळी सुनावणीही घेतली नाही. पुन्हा ५ विरुद्ध ४.

आणि नोव्हेंबरात आमच्या हातात प्रस्ताव १६६. १९१२ चा कायदा होता, २०१२ चं होतं गाऱ्हाणं. मी 'हो' म्हटलं, पण पेन्सिलीने ते वाक्यही लिहिलं. तुम्हांला काय वाटतं?

वाचनमात्र
जागा पकडून ठेवतो. लेफ्टनंट गव्हर्नरचा डाव वाचून पहाटेचे शपथविधी आठवले.

खवचट_आजी
आपल्याकडे कायद्याने देवही व्यक्ती आहे हो. देवाच्या नावावर जमीन असते, देव कोर्टात दावा लावतो. मग कंपनीने काय घोडं मारलंय? फरक एवढाच, की देव फक्त देणगी घेतो, देत नाही.

प्रतिवादी
लेख छान जमलाय, पण ७५ टक्क्यांच्या उत्साहात काही गोष्टी राहून गेल्या. विरोधी बाजूचं वकीलपत्र घेतो.

पहिलं म्हणजे, सिटिझन्स युनायटेड ही काही तेलकंपनी नव्हती. ती ना-नफा तत्त्वावरची राजकीय संस्था. तिने हिलरी क्लिंटनविरुद्ध चित्रपट काढला आणि २००८ च्या प्राथमिक फेरीच्या तोंडावर, कंपन्यांच्या खर्चावरच्या कायद्यामुळे, तो दाखवता येईना. सुनावणीत सरकारी वकिलांना विचारलं गेलं, ह्याच तर्काने कंपनीने काढलेलं पुस्तकही रोखता येईल का? पहिल्या उत्तराचा सूर होता, हो, येईल. तिथेच खटला फिरला असं मला वाटतं. नागरी हक्कांसाठी लढणारी 'एसीएलयू' सुद्धा ह्या खटल्यात सिटिझन्स युनायटेडच्या बाजूने होती.

दुसरं, कंपनीला कुठलेच घटनात्मक हक्क नाहीत म्हणणं भयंकर आहे. वर्तमानपत्र काढते ती कंपनीच. उद्या वॉरंटशिवाय पोलीस संपादकीय कचेरीत शिरले तर? सरकारने कारखान्याची जमीन मोबदल्याशिवाय घेतली तर? पर्यावरणवाल्यांच्या संस्था, तुमचं महाराष्ट्र मंडळ, ही सगळी बहुधा कायद्याने कॉर्पोरेशनंच असतात. प्रस्ताव १६६ लिहिणाऱ्यांनी कुऱ्हाड घेतली, चाकू पुरला असता.

तिसरं, अर्धे लोक समजतात की २०१० पासून कंपन्या उमेदवाराच्या खिशात थेट पैसे कोंबतात. तसं नाही. केंद्रीय निवडणुकीत कंपनीने उमेदवाराला थेट देणगी द्यायला १९०७ पासून बंदी आहे आणि ती आजही आहे. मोकळा झाला तो 'स्वतंत्र' खर्च.

बिटररूट
प्रतिवादी, तिसरा मुद्दा बरोबर, मी स्पष्ट लिहायला हवं होतं. पण त्या 'स्वतंत्र'ला अवतरणचिन्ह तुम्हीच दिलंत, मला काही बोलायला ठेवलं नाहीत. उमेदवाराचा जुना प्रचारप्रमुख बाहेर पडून समिती काढतो, तिला पैशाची मर्यादा नाही, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत असं आपण मानायचं. २०१२ च्या शरद ऋतूत टेस्टर विरुद्ध रेबर्ग ही सिनेटची लढत होती. टीव्हीवर हवामान बघायला बसलं तरी चार जाहिराती, आणि खाली बारीक अक्षरात समितीचं असं नाव की वाटावं गावातल्या भजनी मंडळाने पैसे दिलेत.

कुऱ्हाडीचं म्हणणं थोडं मान्य. मोंटानाच्याच न्यायालयातले न्यायमूर्ती जेम्स नेल्सन ह्यांची गंमत बघा. कंपनीला माणूस मानणं त्यांना मुळीच पटत नव्हतं, तरीही २०११ मध्ये त्यांनी कायद्याविरुद्ध मत दिलं. का, तर वरच्या कोर्टाचा निकाल आवडो न आवडो, खालच्याने पाळायचा असतो. मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं. आता वय वाढलंय.

नॉर्थईस्टर
मी मॅसॅच्युसेट्सवाली, म्हणून एक धागा जोडते. कंपन्यांचा हा 'बोलण्याचा हक्क' मुळात सुरू झाला तोच एका जनमताच्या प्रश्नावरून, आणि आमच्या बॉस्टनमध्ये.

१९७६ मध्ये आमच्या मतपत्रिकेवर प्रश्न होता, की राज्याचा प्राप्तिकर चढत्या दराने लावावा का. राज्याचा कायदा असा होता, की ज्या प्रश्नाचा कंपनीच्या धंद्याशी थेट संबंध नाही त्यावर कंपनीने पैसा खर्च करायचा नाही. आणि व्यक्तींच्या प्राप्तिकराचा प्रश्न हा कंपनीशी संबंधित धरायचाच नाही, असंही त्यात लिहिलं होतं. फर्स्ट नॅशनल बँक ऑफ बॉस्टन आणि आणखी काही कंपन्या कोर्टात गेल्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५-४ ने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल ह्यांचा तर्क सरळ होता: बोलणारा कोण ते बघू नका, बोलणं मोलाचं आहे का ते बघा. २०१० चा निकाल ह्याच पायावर उभा आहे.

म्हणजे विचार करा, मतपत्रिकेवरचा प्रश्न हे पैशावर तोड म्हणून काढलेलं हत्यार, आणि त्याच हत्याराच्या लढाईत कंपन्यांनी हा हक्क मिळवला.

आम्हीही २०१८ मध्ये प्रश्न क्रमांक २ ला ७१ टक्के 'हो' म्हटलं. त्यातून पंधरा नागरिकांचा आयोग नेमला गेला. घटनादुरुस्ती कशी असावी ह्याचा अहवाल लिहायचं काम. मी तेव्हा फार उत्साहाने शेजाऱ्यांची दारं वाजवली होती. आज कोणी त्या अहवालाचं विचारलं तर सांगता येणार नाही. इतका प्रामाणिकपणा पुरे.

ऊसवाला
इकडे कोल्हापूर-सांगलीकडे या कधीतरी. तुमच्याकडे कंपनी आमदार विकत घेते. आमच्याकडे आमदारच चेअरमन, त्यामुळे विकत कुणी कुणाला घ्यायचं हा प्रश्नच उद्भवत नाही.

खवचट_आजी
ऊसवाले, काटा मारलात.

ऊसवाला
आजी, काट्याचं नाव काढू नका, गाळप हंगाम जवळ आलाय.

पेडणेकार
'अमेरिकेत लोकांना विचारतात, आपल्याकडे कोणी विचारत नाही' असं कोणीतरी लिहील, त्याआधीच लिहितो. मराठी वाचणाऱ्या लोकांना एकदा विचारलंय. १६ जानेवारी १९६७, गोवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. आजच्या काळात हे वाक्य दोनदा वाचावं लागतं.

बिटररूटताईंचा लेख वाचताना पुन्हापुन्हा आठवत होतं ते दुसरंच. आमचे पहिले मुख्यमंत्री स्वतः खाणमालक. मुक्तीनंतर लगेच निघालेल्या दैनिकांत 'गोमन्तक' चौगुल्यांचं, 'नवहिंद टाइम्स' धेंप्यांचं, दोन्ही घराणी खाणीतली. तिकडे तांबं, इकडे लोहखनिज. आता भाऊसाहेबांना क्लार्कच्या पंगतीला बसवतोय असा अर्थ कोणी काढू नये. ते पाकिटं वाटून नाही, कुळांच्या आणि बहुजनांच्या मतांवर निवडून आले होते, आणि शाळा खेडोपाडी त्यांच्याच काळात पोचल्या. पण खाण आणि छापखाना एका हातात असला की वाचकाने काय करायचं? माझे आजोबा 'गोमन्तक' वाचायचे आणि विलीनीकरणाविरुद्ध असलेलं 'राष्ट्रमत'ही वाचायचे. दोन्ही मराठीच. फुलाला मत दिलं की पानांना, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजीलाही नाही.

पण त्या मतदानाला दात होते. निकाल लागला आणि गोवा वेगळा राहिला. तुमच्या १६६ ला दात नव्हते. लोकांना विचारायचं तर उत्तर पाळायची तयारी ठेवून विचारावं.

वाचनमात्र
पेडणेकार, हे वेगळ्या धाग्यावर लिहाच.

सीएस_सदाशिव
चाळीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून काम केलं, त्यामुळे ह्या विषयात नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे 'कंपनीला बोलण्याचा हक्क आहे का' ह्यावर भांडताय. मुंबईत १९५७ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या दाराने आला होता, आणि ते दार मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला ('टिस्को') राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या. पण कंपनी म्हणजे काय? तिच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे स्थापनेच्या कागदात, जे उद्देश लिहिलेत तेवढंच ती करू शकते. पोलाद काढणं लिहिलंय, पक्षाला पैसे देणं लिहिलेलं नाही. म्हणून मेमोरँडममध्ये दुरुस्ती करायची, आणि त्या काळी त्या दुरुस्तीला कोर्टाची मंजुरी लागायची. एक भागधारक विरोधात उभा राहिला. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती छागलांपुढे आलं.

छागलांनी मंजुरी दिली, कारण कायद्यात तसं करायला बंदी नव्हती आणि भागधारकांच्या बहुमताने ठराव झाला होता. पण देताना त्यांनी जे लिहिलंय ते वाचताना आजही चुटपुट लागते. पक्षांना असा पैसा पुरवणं म्हणजे लोकशाहीच्या झऱ्यातच घाण मिसळण्यासारखं आहे, ह्या अर्थाचं त्यांनी म्हटलं आणि संसदेला लक्ष घालायला सांगितलं. हात बांधलेले असताना न्यायाधीश जेवढं ओरडू शकतो तेवढे ओरडले.

संसदेने लक्ष घातलंही, आपल्या पद्धतीने. १९६० मध्ये मर्यादा घातली: पंचवीस हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, ह्यांत जे जास्त असेल ते. १९६९ मध्ये इंदिराबाईंच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आणली. मग पैसा थांबला का? छे. तो बॅगेतून जायला लागला. त्या काळातल्या हिशेबाच्या वह्यांबद्दल मी ह्या जन्मी काही लिहिणार नाही. १९८५ मध्ये पाच टक्क्यांपर्यंत पुन्हा मुभा, २०१३ च्या कंपनी कायद्यात साडेसात टक्के. २०१७ मध्ये ती मर्यादाही काढली, कुठल्या पक्षाला दिले ते सांगायचं बंधनही काढलं आणि निवडणूक रोखे आणले. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवे तेवढे पैसे देऊ शकत होती. नफाच नसलेली कंपनी कुठून देते, हा प्रश्न माझ्या आर्टिकलशिपच्या पोरालाही पडला असता. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने ते सगळं घटनाबाह्य ठरवलं. तोवर सोळा हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकून झाले होते.

त्या निकालात एक गोष्ट स्पष्ट म्हटली आहे: देणग्यांच्या बाबतीत कंपनी आणि माणूस ह्यांना एका मापाने मोजता येणार नाही. मोंटानातल्या ७५ टक्क्यांना जे हवं होतं त्यातलं निम्मं इथे मिळालं, तेही मतदान न घेता.

प्रतिवादी
सीएसकाका, नमस्कार. हा खटला माहीत नव्हता. पण तुमचं १९६९ तर माझ्याच बाजूची साक्ष झाली की. बंदी घातली आणि पैसा जमिनीखाली गेला. उघड असता तर निदान दिसला असता. आपल्याकडे तरी कंपनीला भाषणस्वातंत्र्य आहे का?

सीएस_सदाशिव
थेट नाही. घटनेचं कलम १९ नागरिकांसाठी आहे आणि कंपनी नागरिक नाही, हे १९६३ मध्येच ठरलं. पण आपले वकील काय कमी आहेत? १९६९ मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाला सेंट्रल बँकेचे रुस्तम कूपर ह्यांनी आव्हान दिलं ते भागधारक म्हणून. कंपनीचं नुकसान होताना माझ्या हक्काला धक्का लागतो, असं म्हणून. कोर्टाने ऐकलं. वर्तमानपत्रांच्या कागदाच्या खटल्यातही संपादक आणि भागधारकांचा हात धरून कंपनी आत आली. म्हणजे इथे कंपनीला स्वतःचा आवाज नाही, ती माणसाच्या मागे उभी राहून बोलते. मला ही व्यवस्था बरी वाटते. कोण बोलतंय त्याचा चेहरा तरी दिसतो.

आणि बंदीबद्दल: १९६९ ला चूक बंदीत नव्हती. निवडणुकीचा खर्च कमी केला नाही, पक्षांना दुसरा मार्ग दिला नाही आणि नळ बंद केला. पाणी भिंतीतून झिरपणारच.

बिटररूट
सीएसकाका, तुम्ही लिहिलेलं मेमोरँडमचं वाचून खुर्चीतून उठले! कारण मोंटानात नेमकं तेच दार पुन्हा ठोठावलं जातंय.

इथले माजी राजकीय व्यवहार आयुक्त जेफ मँगन (हे पद म्हणजे राज्याच्या निवडणुकीतला पैसा कुठून आला त्यावर नजर ठेवणारा अधिकारी) ह्यांनी २०२५ मध्ये 'मोंटाना प्लॅन' म्हणून कल्पना मांडली. तर्क असा: कंपनीला हक्क आहे की नाही, त्यावर वॉशिंग्टनशी भांडूच नका. कंपनी मुळात जन्माला कशी येते? राज्याच्या कायद्याने. तिला करार करण्याचं, मालमत्ता ठेवण्याचं बळ देतं कोण? राज्य. मग निवडणुकीत खर्च करण्याचं बळ देऊच नका. काढून घ्यायचा प्रश्न नाही, दिलंच नव्हतं. ज्याच्याकडे ते करण्याची शक्तीच नाही, त्याचा ते करण्याचा हक्क कोणी हिरावला असं म्हणता येईल का?

म्हणजे टाटांच्या मेमोरँडममध्ये १९५७ मध्ये जी ओळ नव्हती, ती ओळ इथे कुणाच्याच मेमोरँडममध्ये येऊ द्यायची नाही.

नॉर्थईस्टरताईंनी सांगितलेल्या १९७८ च्या खटल्यात न्यायमूर्ती रेनक्विस्ट विरोधी मत देताना साधारण ह्याच वाटेने गेले होते. कंपनी राज्याने घडवलेली वस्तू, ज्या कामासाठी घडवली त्याला लागतील तेवढेच हक्क तिला. आणि रेनक्विस्ट कोण, तर पक्के उजवे, पुढे रेगननी सरन्यायाधीश केलेले. प्रतिवादी, तुमच्या कुऱ्हाडीच्या तक्रारीलाही ह्यात उत्तर आहे. मालमत्ता, वॉरंट, मोबदला, कशालाच हात लावायचा नाही. वृत्तपत्रांचं मात्र जपून लिहावं लागेल.

नॉर्थईस्टर
बाहेरच्या राज्यात नोंदलेल्या कंपन्यांचं काय? निम्मी अमेरिका डेलावेअरमध्ये नोंदलेली आहे.

बिटररूट
त्यावर त्यांचं उत्तर, की परक्या कंपनीला आमच्या राज्यात आमच्या कंपनीपेक्षा जास्त बळ मिळणार नाही. पाहुण्याने घरच्यापेक्षा जास्त वाढून घ्यायचं नाही. कोर्टात टिकेल का हा वेगळा विषय.

प्रतिवादी
टिकणार नाही. सरकारने दिलेल्या सवलतीच्या बदल्यात हक्क सोडायला लावता येत नाही, हे तिथलं जुनं तत्त्व आहे. पुढच्या दाराने बंदी आणि मागच्या दाराने 'शक्तीच दिली नाही', न्यायाधीश काय दूधखुळे आहेत? शिवाय कंपन्यांना बंदी झाली तरी अब्जाधीश उरतातच. क्लार्कने १८९९ मध्ये वाटले ते कंपनीचे नव्हे, स्वतःचे पैसे. १९७६ च्या निकालापासून श्रीमंत माणसाच्या स्वतंत्र खर्चाला तर मर्यादाच नाही. मेननी २०२४ मध्ये जनमताने स्वतंत्र खर्च करणाऱ्या समित्यांना द्यायच्या देणगीवर पाच हजार डॉलरची मर्यादा घातली, तीन-चतुर्थांश लोक 'हो' म्हणाले, आणि प्रकरण लगेच फेडरल कोर्टात गेलं. पुन्हा तीन-चतुर्थांश, बघा. आकडा असाच मोठा येतो आणि पुढे त्याचं तेच होतं.

पण एक कबूल करतो. १६६ पेक्षा हा डाव हुशारीचा आहे. निदान कोर्टाला नवा निकाल लिहायला बसवेल.

खवचट_आजी
म्हणजे प्रतिवादी पन्नास टक्के फितूर. नोंद घ्यावी.

तळेगावकर_टेक्सास
मंडळाचा उल्लेख आला म्हणून. आमच्या इथल्या एका मंडळाच्या गणपतीत स्थानिक निवडणुकीचा एक उमेदवार आला, आरतीला उभा राहिला, आणि अध्यक्षांनी माइकवरून 'ह्यांनाच मत द्या' सांगून टाकलं. मंडळ करमुक्त, म्हणजे उमेदवाराचा प्रचार करायला सक्त मनाई. खजिनदाराचा चेहरा मोदकासारखा पांढरा. नंतर तीन तास समितीची बैठक, मुद्दा हा, की अध्यक्ष बोलले ते मंडळ म्हणून की माणूस म्हणून. त्यांचं म्हणणं, मी माणूस म्हणून बोललो. सचिव म्हणाले, मग माइक मंडळाचा होता त्याचं काय?

सिटिझन्स युनायटेडची अख्खी चर्चा आमच्याकडे वरणभातावर झाली. निकाल काही लागला नाही, पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले.

सीएस_सदाशिव
'माइक मंडळाचा होता.' वा! ह्या सचिवांना माझा नमस्कार सांगा. तोच प्रश्न आहे. माइक भागधारकांचा, हातात मात्र संचालकांच्या. टिस्कोच्या ज्या भागधारकाने विरोध केला तो लोकशाही वाचवायला गेला होता की स्वतःचा लाभांश, मला ठाऊक नाही. पण माझ्या पैशाने, मला न आवडणाऱ्या पक्षाला, मला न विचारता, ही त्याची तक्रार आजही खोडता येत नाही.

नॉर्थईस्टर
घटनादुरुस्तीचा हिशेबही इथे नोंदवून ठेवते, म्हणजे कोणी आशेवर बसायला नको. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग ३८ राज्यं. २०१४ मध्ये सिनेटमध्ये प्रस्ताव आला होता, ५४ विरुद्ध ४२. चर्चा पुढे न्यायलाही ६० लागत होते. मोंटाना, कोलोरॅडो, नंतर वॉशिंग्टन (शहर नव्हे, राज्य), कॅलिफोर्निया, आम्ही, इतक्या राज्यांतल्या मतदारांनी सांगून झालंय.

पेडणेकार
सांगून झालंय, पण कोणाला? ज्यांनी ऐकायचं ते त्याच पैशावर निवडून आलेले.

बिटररूट
मागच्या उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन ब्यूटला गेलो होतो. तिथे बर्कली पिट आहे. १९५५ पासून १९८२ पर्यंत उघड्यावर खणलेली खाण. खणताना आजूबाजूच्या वस्त्याच्या वस्त्या गिळल्या. पंप बंद केल्यावर तिच्यात पाणी भरत गेलं, आम्लाचं, धातूंनी भरलेलं. त्या पाण्यावर उतरलेले हिमहंस मेलेत, १९९५ मध्ये शेकड्यांनी, २०१६ मध्ये हजारोंनी. आता हंस बसू नयेत म्हणून आवाज करून त्यांना उठवतात. बघायला तिकीट काढून आत जायचं, लाकडी सज्जा आहे. माझी मावशी बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "आणि ह्याचे पैसे कुठे गेले?" क्लार्कने न्यूयॉर्कला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर महाल बांधला होता, तोही केव्हाच पाडला, असं सांगितलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

काल नवऱ्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "मी तेव्हा 'नाही' म्हटलं होतं." त्या टेबलावर, माझ्या शेजारी बसून! इतकी वर्षं चकार शब्द नाही.

वाचनमात्र
आँ? कारण?

बिटररूट
म्हणे, "तूच कडेला लिहिलंस ना, ह्याने होणार काय. मी ते वाचून मत दिलं."

खवचट_आजी
पेडणेकारांच्या आजोबांकडून शिकायला हवं होतं त्यांनी.

ऊसवाला
त्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो टाका की.